मनगटावरचा ठिपका

मातीच्या बाहुलीला माणसाचा रंग द्यायचा, तर तो माणसावर पारखून घ्यावा लागतो. मी तो नवऱ्याच्या मनगटावर पारखायची. डाव्या हाताचं घड्याळ काढायचं, पट्ट्याखालची जागा उघडी करायची आणि ब्रशाच्या टोकाने तिथे तेलरंगाचा तिळाएवढा ठिपका ठेवायचा. ठिपका दिसला तर रंग चुकला. ठिपका कातडीत हरवला, कुठे ठेवला होता तेच सापडेनासं झालं, की रंग जमला. तेरा वर्षं मी असं केलं. चौदाव्या वर्षी त्याच मनगटावर ह्यांचं आजारपण आलं. ते सगळ्यांच्या आधी मी पाहिलं. पाहिलं, रंगात कालवलं आणि पंधरा बाहुल्यांना फासून ठेवलं. माझ्यासारखी शहाणी बाई शोधून सापडायची नाही!

मी सावंतवाडीकडची. वडील लाकडी फळं आणि खेळणी रंगवायचे, त्यामुळे ब्रश कसा धरायचा हे मला लाटणं धरण्याआधी कळलं. लग्न झालं ते ट्रकवाल्याशी. हे आमच्याच बाजूचे, पण पोटापाण्यासाठी डिचोलीला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलेले. खाणीवर लोहखनिजाचा माल भरायचा, नदीवर बार्जीसाठी, म्हणजे मालवाहू बोटीसाठी ओतायचा, परत खाणीवर. संध्याकाळी घरी यायचे ते पायाच्या नखापासून भुवयांपर्यंत तांबडे. लग्नानंतर पहिले आठ दिवस मला वाटत होतं, नवऱ्याचा रंगच असा विटकरी आहे. रविवारी हे घड्याळ काढून न्हाणीत गेले आणि बाहेर आले तेव्हा मनगटावर एक गव्हाळ पट्टा दिसला. तुळशीच्या मंजिरीसारखा किंचित तांबूस, आत हिरव्या शिरा.

"अगो बाई, हा खरा रंग होय!" मी म्हटलं.

"मगे? ह्यो काय बाजारातसून आणलेलो आसा?" हे म्हणाले, आणि माझ्या नाकावर पाणी उडवलं.

तो पट्टा मी त्याच दिवशी हेरून ठेवला. पुढे कामाला आला.

डिचोली-पेडण्याकडे चवथीला गणपतीपुढे देखावा मांडायची भारी हौस. कुणी देऊळ करतो, कुणी धबधबा, कुणी आख्खा गाव. त्या गावात माणसं हवीत ना? ती मी करायची. वीतभर उंचीची, चिकणमातीची. मासे विकणारी, भात सडणाऱ्या दोघी, ताडी काढायला माडावर चढलेला रेंदेर, पावाची टोपली घेऊन निघालेला पोदेर. माती सुकली की खडूची पूड आणि सरस यांचा हात द्यायचा, मग कपडे, मग केस, आणि शेवटी अंग. इतर लोक अंगाला डब्यातला गुलाबी रंग फासायचे आणि मोकळे व्हायचे. पाहुण्यांसाठी पावडर लावून बसवल्यासारखी माणसं! मी तेलरंग वापरायची. तेलरंग दोन-तीन दिवस ओला राहतो. गालावरची उजळ जागा आणि हनुवटीखालची सावली यांच्यामधली रेघ कोरड्या ब्रशाने हळूहळू विरवता येते. पांढरा, मातकट पिवळा यलो ऑकर, विटकरी बर्न्ट सिएना आणि गर्द लाल क्रिमझनचा एक कण, एवढ्यावर सगळं अंग निघतं. गुडघ्यांना, बोटांच्या पेरांना, कानाच्या पाळीला थोडा तांबडा वाढवायचा. पुरुषांच्या हनुवटीवर निळ्याची नुसती हूल द्यायची, म्हणजे काल दाढी केल्यासारखं दिसतं. रंग घेण्याआधी तो टीपकागदावर काढून ठेवायचा, जास्तीचं तेल कागद पिऊन टाकतो. नाहीतर माणूस घामेजलेला दिसतो आणि पुढे पिवळा पडतो. अळशीच्या तेलाला तेवढी एक खोड आहे, काळोखात ठेवलं की ते पिवळं होतं. उन्हात ठेवलं की परत सुधारतं. वडिलांनी शिकवलेलं, आणि मी ह्यांना शंभर वेळा ऐकवलेलं.

पावसाळ्यात खाणीची वाहतूक बंद असते. म्हणजे जूनपासून चवथीपर्यंत हे घरी, आणि नेमकी तेव्हाच माझी घाई. आम्हाला मूल नव्हतं. ते दुःख वेगळं, ते आज काढत नाही. पण त्या तीन महिन्यांत घर भरलेलं असायचं. मेजावर माझी माणसं ओळीने उभी, आणि पलीकडे हे, हात पुढे करून बसलेले.

"माका भिंत समाजलंस काय गो?" ठिपका ठेवला की विचारायचे.

"भिंत बरी. बोलत नाही."

"मगे भिंतीकच भात वाढ."

असं रोज. मला राग पटकन येतो आणि ह्यांना तो आणायची कला होती. टर्पेंटाईनच्या चिंधीने ठिपका पुसताना मी मुद्दाम जोरात घासायची, आणि हे "मेलो, मेलो" म्हणून ओरडायचे. शेजारीण एकदा धावत आली होती.

तेराव्या वर्षी मी हळर्णच्या एका घरासाठी नदीचा देखावा केला. त्या घरच्या वहिनी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, दर वर्षी माझ्याकडूनच माणसं न्यायच्या. त्या देखाव्यात एक होडीवाला होता. उघडा, कमरेला पंचा, दोन्ही हातांनी वल्हं ओढणारा. त्याच्याएवढं उघडं अंग मी आधी कधी रंगवलं नव्हतं, आणि तेवढं चांगलंही कधी जमलं नाही. त्याच्या मनगटावर वल्ह्याच्या ओढीने ताणलेली शीर मी एका केसाच्या ब्रशाने काढली. ह्यांनी तो हातात घेतला, आपल्या मनगटाशेजारी धरला.

"ह्यो माझो भाऊस दिसता," म्हणाले. "फक्त पगार कमी."

हळर्णच्या वहिनींनी तो पाहिला आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर तिथेच देऊन टाकली. मळणीचा देखावा, पंधरा माणसं. मी दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हते.

तर त्या पुढच्या वर्षाचं सांगते.

पाऊस त्या वर्षी आडवा येत होता. खोलीच्या एकुलत्या खिडकीला, जनेलाला, आम्ही बाहेरून प्लॅस्टिक ठोकलं होतं, नाहीतर माझी माती वाळली नसती. त्यामुळे खोलीत दिवसासुद्धा बल्ब लागायचा. साधा पिवळा बल्ब, तारेवर लोंबणारा. त्याच्याखाली मी रंग कालवायची, त्याच्याखाली हे हात पुढे करायचे. बाहेर जायचं काही कारण नव्हतं. ह्यांचे ट्रकवाले सोबती आपापल्या गावी शेतीला गेलेले. दीड-दोन महिने ह्यांना माझ्याखेरीज कुणी धड पाहिलं नाही, आणि मीही उजेडात पाहिलं नाही.

आषाढ लागला तेव्हा पहिल्यांदा ठिपका हरवेना. नेहमीच्या मापाने रंग केला होता, डोळे मिटून करता येईल असा. ठेवला, तर ह्यांच्या हातावर पांढुरका उठून दिसला. मी म्हटलं, ऑकर कमी पडला असेल. घातला. ठिपका हरवला. चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा ऑकर. पुढच्या आठवड्यात सिएनाची धार वाढवली, त्यात थोडा हिरवटपणा लागतोय असं वाटलं, तोही दिला. प्रत्येक वेळी ठिपका शेवटी हरवायचा, मग आधी रंगवलेल्यांवरही मी तो नवा हात फिरवायची. मी काय करत होते, तर ह्यांच्या कातडीत जे चाललं होतं त्याच्या मागोमाग माझा रंग पळवत होते. आणि डोक्यात काय, तर तेल! दुकानदाराने जुनं तेल दिलं, काळोखात पडलेलं, म्हणून सगळी मापं बिघडली.

डोकं फिरलं की मी कुणाचं ऐकत नाही. बाटली पिशवीत घातली आणि बसने म्हापशाला गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर त्या म्हाताऱ्या दुकानदाराला नको नको ते बोलले. "लोकांची चवथ बिघडवता, लाज नाही वाटत?" इथपर्यंत. त्याने बाटली उजेडात धरली, डोळे बारीक केले, म्हणाला, "बाय, तेल स्वच्छ आहे." मी म्हटलं, डोळे तपासून घ्या. तो बिचारा नवी बाटली देऊन मोकळा झाला. डोळे तपासून घ्या! मी त्याला म्हटलं हे.

नव्या तेलानेही फरक पडला नाही. मग मी टीपकागदाला शिव्या दिल्या, मग पांढऱ्या ट्यूबला.

हे तेव्हा हात खाजवायला लागले होते. मनगट, मग दंड, मग पोट. "हात खाजता गो," म्हणायचे. मी म्हटलं, टर्पेंटाईनने. तेरा वर्षं घासतेय, कातडी शेवटी कातडीच. तेव्हापासून मी ठिपका खोबरेलाने पुसायला लागले, आणि त्या मायेचं माझं मलाच कौतुक वाटलं. जेवण कमी झालं होतं. नुसतं बसून भूक कुठली लागणार, असं हेच म्हणायचे. आणि घड्याळ. ते मी कसं सांगू? पूर्वी ठिपक्यासाठी घड्याळ काढावं लागायचं. त्या वर्षी ते काढावं लागत नव्हतं. नुसतं वर सरकवलं की कोपराच्या जवळ जाऊन बसायचं. मी म्हटलं, बरं झालं, तेवढाच वेळ वाचतो.

असं म्हटलं मी. मोठ्याने म्हटलं. ह्यांनी मान हलवली.

चवथीला पंधरा-वीस दिवस राहिले तेव्हा हळर्णच्या वहिनी काम बघायला आल्या. खोलीत त्यांना नीट दिसेना, म्हणून मळणीवाल्यांपैकी दोघांना घेऊन त्या बाहेर ओसरीवर गेल्या. पाऊस थांबला होता. त्यांनी बाहुली फिरवून फिरवून पाहिली आणि हसत म्हणाल्या, "अगे, तुझ्या माणसांना यंदा कावीळ झाली की काय?"

कावीळ! तो शब्द त्या बाईने माझ्या ओसरीवर उच्चारला. ह्याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? आणि मला काय झालं असेल? राग आला. गिऱ्हाईक म्हणून गिळला, पण आवाज चढलाच. म्हटलं, "वहिनी, तेलाचा दोष आहे. पावसाळ्यात काळोखात राहिलं की पिवळं पडतं. दोन दिवस ऊन मिळालं की रंग परत येतो. माझा शब्द."

आतून ह्यांचा आवाज आला. "माका पण ठेव गो उन्हात. मी पण काळोखातच आसंय."

आम्ही दोघी हसलो. वहिनी पानसुपारी घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. श्रावणातलं, धुतलेलं, डोळ्यांत जाणारं ऊन. मी अंगणात फळी टाकली आणि पंधराच्या पंधरा माणसं तिच्यावर उभी केली. कोंबड्या फार होत्या, म्हणून ह्यांना हाक मारली, राखण करायला बसा. हे बाहेर आले. उकडत होतं म्हणून सदरा काढून फळीशेजारी दगडावर बसले, उघडे, कमरेला पंचा, डोळे मिटून, तोंड उन्हाकडे. मी आत चहा करायला गेले.

चहा घेऊन दारात आले आणि तिथेच राहिले.

फळीवर पंधरा माणसं होती आणि शेजारी सोळावा. सगळे एका रंगाचे. हळदीत बुडवून काढल्यासारखे, खाली हिरवट. एका बोटाचाही फरक नाही. मी आयुष्यात इतका हुबेहूब रंग कधी केला नव्हता. ह्यांनी चाहूल लागून डोळे उघडले, तर डोळ्यांतलं पांढरंही पिवळं. बरगड्या मोजता येत होत्या. मला कपबशी खाली ठेवायचं भान राहिलं नाही, चहा पायावर सांडला तेव्हा कळलं.

"काय गो?" हे म्हणाले. "सुधारले काय रंग?"

डिचोलीच्या डॉक्टरने पापणी खाली ओढली आणि चिठ्ठी लिहिली. पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात आठ दिवस तपासण्या झाल्या. पित्ताच्या नळीवर गाठ होती, आणि आता ती तिथेच थांबलेली नव्हती. तिथल्या डॉक्टरने आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं, "अंग पिवळं दिसायला लागून किती दिवस झाले?"

ह्याचं उत्तर सगळ्या गोव्यात माझ्याएवढं अचूक कुणाकडे नव्हतं. कुठल्या वारी ऑकर किती वाढवला, मी सांगू शकले असते. मी तोंड उघडलं. ह्यांनी टेबलाखाली माझा हात धरला.

"परवाच दिसला, डॉक्टर," हे म्हणाले. "पावसात खंय दिसता?"

डॉक्टरने ते लिहून घेतलं. आजही त्या कागदावर ते खोटं असेल, माझ्यासाठी बोललेलं.

परतीच्या बसमध्ये मी रडत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते. दोन महिने आधी आणलं असतं तर, दोन महिने आधी आणलं असतं तर. ते उपयोगाचं झालं असतं की नसतं, डॉक्टरने सांगितलं नाही आणि मी विचारायला धजले नाही. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गप गो. आरसो काय माका नाय होतो?"

पंधरा माणसं घरी तशीच उभी होती. मला ती नजरेसमोर नको झाली होती. नदीत टाकून देते म्हटलं, वहिनींना काय सांगायचं ते सांगू. ह्यांनी ऐकलं नाही. "लोकांची चवथ थांबाची नाय," म्हणाले. "परत रंगव." आणि नेहमीच्या जागी येऊन बसले, नेहमीचा हात पुढे केला. सवयीने. घड्याळ तर आता उशाशीच असायचं. दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला आणि पंच्याखाली लपवला. तेरा वर्षांत ह्यांनी हात मागे घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला. देवा, तो हात मागे घेताना बघायला नको होता मला.

मी माझी बांगडी वर सारली आणि माझ्या मनगटावर ठिपका ठेवला.

प्लॅस्टिक फाडून काढलं होतं, जनेल उघडं होतं. ह्यांच्या पिवळ्यावर मी माझा रंग चढवत गेले, तेल कमी, टर्पेंटाईन जास्त, लवकर सुकावा म्हणून. हे अंथरुणावरून बघायचे.

"तांबडो कमी पडलो," म्हणायचे.

"माझ्या हाताला आहेच कमी."

"मगे थोडो उसनो घाल."

चवथीआधी वहिनींचा माणूस येऊन पंधराही घेऊन गेला. त्यांनी निरोप धाडला, शब्द पाळलास हो, ऊन लागल्यावर रंग आला. त्यांना काही माहीत नव्हतं. पावसाळा संपला, खाणीचे रस्ते सुकले, आणि ट्रक सुरू व्हायच्या आठवडाभर आधी हे गेले. शेवटच्या दिवसांत माझ्याच हातांनी अंग पुसायची. तो रंग कालवायला मला कुठल्या ट्यूबा लागल्या असत्या हे तेव्हाही डोक्यात येत होतं, आणि मी डोकं भिंतीवर आपटायची. खरंच आपटायची. शेजारीण धरायची.

त्यानंतर मी माणसाचं अंग रंगवलं नाही. एका बालवाडीत लागले. भिंतीवर हत्ती काढले, मोर काढले, फळं काढली. मुलं म्हणायची, बाई, राजा काढा. मी म्हणायची, राजा बाहेर गेलाय.

एक गोष्ट मात्र वर्षं गेली तशी जास्तच छळायला लागली. ह्यांचा खरा रंग मला आठवेना. डोळे मिटले की तो श्रावणातला पिवळाच यायचा, दगडावर बसलेला. लग्नातला फोटो काळा-पांढरा. लायसन्सवरचा निळसर पडलेला. सगळ्या ट्यूबा समोर घेऊन बसले, तरी हात चुकायचा, ऑकर जास्त पडायचा. तेरा वर्षं जो रंग डोळे मिटून केला, तो गेला. माणूस तर गेलाच, पण निदान तेवढं तरी मागे राहायला हवं होतं ना?

मग होडीवाला आठवला.

अठरा वर्षांनी मी दोन बस बदलून हळर्णला गेले. वहिनी थकल्या होत्या, ऐकायला कमी येत होतं, पण मला ओळखलं. म्हटलं, तुमच्याकडचा नदीचा देखावा बघायचाय. त्यांनी सुनेकडून माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवून घेतली. जुन्या धोतराच्या चिंध्यांत एकेक माणूस गुंडाळलेला. मळणीवाले वर होते, तेल कमी घातलेले म्हणून अजून माझ्या मनगटाच्या रंगाचे. त्यांच्या आत खाली काय आहे ते मला एकटीलाच ठाऊक. तळाशी होडीवाला होता. चिंधी सोडवली.

पिवळा. पायापासून कपाळापर्यंत पिवळा.

तो चौदाव्या वर्षाचा नव्हता, तेराव्याचा होता, आदल्या वर्षाचा. म्हणजे तेव्हाच हे आजारी होते? हसत होते, भाऊस म्हणत होते, ट्रक चालवत होते, तेव्हासुद्धा आत ते होतं आणि मी आख्खं वर्ष बघून बघितलं नाही? दोन महिन्यांचा हिशेब मी अठरा वर्षं छातीवर घेऊन फिरत होते, आता त्याला वर्ष जोडायचं? मी तिथेच बसले. सून पाणी घेऊन आली.

वहिनी बाहुली हातात घेऊन बघत होत्या. म्हणाल्या, "काळोखात राहून पिवळा पडला गे. तूच म्हणाली होतीस ना, तेलाला ऊन लागतं म्हणून?"

मी म्हणाले होते. माझा शब्द, असंही म्हणाले होते.

होडीवाल्याला त्यांच्या जनेलाच्या फळीवर उभा केला, थेट ऊन येईल असा. घरी आले. आठ दिवस कसे काढले ते मला विचारू नका. नवव्या दिवशी परत गेले. दारातून सरळ जनेलाकडे गेले, वहिनींना नमस्कारसुद्धा केला नाही.

तो तिथे वल्हं ओढत उभा होता, गव्हाळ, किंचित तांबूस. मनगटावर ताणलेली शीर, हिरवी. तुळशीच्या मंजिरीसारखा. माझे हे, न्हाणीतून नुकते बाहेर आलेले. त्या वर्षी हे बरे होते. धडधाकट होते, आणि मी बरोबर पाहिलं होतं. मी त्याला गालाला लावलं आणि वहिनींच्या सुनेसमोर, तिच्या पोरांसमोर गळा काढून रडले. इस्पितळातून आल्यावर रडले नव्हते तेवढी. उन्हात ठेवलं की रंग परत येतो, असं मी माझ्या ओसरीवर छातीठोकपणे म्हणाले होते. तेलाच्या बाबतीत ते अगदी खरं होतं.

वहिनींनी तो मला देऊन टाकला. नको म्हटलं नाही मी, लाज सोडून घेतला.

आता तो माझ्याकडे असतो. पावसाळ्यात जनेल लावून घ्यावं लागतं, मग तो पुन्हा पिवळा पडायला लागतो. पहिल्या वर्षी मी घाबरले होते. आता चवथ झाली, ऊन आलं, की त्याला अंगणात त्याच दगडावर उभा करते आणि कोंबड्या येऊ नयेत म्हणून शेजारी बसते. आठ दिवसांत तो बरा होतो.